रांजणातला चुना

अक्षय्य तृतीयेनंतरचा पहिला रविवार. रक्कम अठरा हजार पाचशे, पैकी हजार रुपये बयाणा जागेवरच दिला. हजर मी, माझी बायको, माझी आई, लग्न ठरलेली आमची मुलगी आणि धाराशिवहून आलेला रंगकामाचा ठेकेदार. जागा बेंबळीच्या आमच्या घराची ओसरी.

लग्न धाराशिवला मंगल कार्यालयात होणार होतं. पण हळद गावच्या घरी लागली पाहिजे, एवढं एकच आईनं मागितलं होतं. म्हणून घराला रंग. ठेकेदारानं फीत लावून भिंती मोजल्या. त्याच्या मागोमाग मीही मोजल्या. त्याचा आकडा माझ्यापेक्षा अडतीस चौरस फुटांनी जास्त भरला. दार आणि दोन खिडक्या त्यानं वजाच केल्या नव्हत्या.

"काका, तुमी इंजिनिअर हाव का?"

"नाही. कचेरीत हिशेब तपासतो."

"मग बरूबरच हाय," असं म्हणून त्यानं आकडा खोडला आणि बयाणा खिशात घातला.

आई दाराशी बसून शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "रंग कशाला आणि? त्यांचा चुना हाय की."

बायको आईला आत्या म्हणते. तीच म्हणाली, "आत्या, पोरीची हळद हाय. चार पाहुणे येणार. आता कोण लावतंय चुना?"

"त्यांनी तिच्याच हळदीसाठी घालून ठेवलाय," आई म्हणाली. तिनं शेंगांचं सूप उचललं आणि ती आत गेली.

आमच्या परसात, गोठ्याच्या सावलीत एक रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि फरशीवर एक दगड. त्यात वडिलांनी विझवलेला चुना आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तो घातला आणि चार वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून दर सोमवारी आई फरशी सरकवून आत पाणी ओतते. थंडीत एक तांब्या, उन्हाळ्यात दोन. चुन्यावर चार बोटं पाणी उभं राहिलं पाहिजे. पाण्याखाली असला तर चुना चुनाच राहतो. पाणी आटलं आणि वारा लागला की त्याचा परत दगड होतो.

या रांजणामुळं आई कधी आमच्याकडं राहिली नाही. धाराशिवला यायची ती मंगळवारी, आणि रविवारच्या दुपारच्या एसटीनं माघारी. सुरुवातीला मला वाटायचं, तिला शहरात करमत नाही. तिच्यासाठी मी खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली, परदेशी पद्धतीचा संडास बसवला, तिला दिसेल अशा उंचीवर देवाचा फोटो लावला. एकदा म्हणालोही, "शेजारच्या वहिनी ओततील की पाणी. सांगून ठेवतो."

"दुसऱ्याच्या ध्यानात राहतंय व्हय?" ती म्हणाली. "दुसऱ्याचं का मानूस हाय ते?"

चुना घालायच्या दिवशी मी गावी होतो. वडिलांची द्राक्षाची एक एकर बाग होती. बागेला फवारायला मोरचूद आणि चुना लागायचा, त्यामुळं कळीचा चुना घरात नेहमीच असायचा. पण त्या दिवशी त्यांनी टेम्पोतून दोन पोती वेगळी उतरवून घेतली. रांजणात आधी पाणी भरलं. मग बनियनवर उभं राहून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एकेक खडा लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या डब्यातून आत सोडायला लागले. आधी काहीच होत नाही. मग खडा चिरल्याचा आवाज येतो, मग बुडबुडे, आणि मग सगळा रांजण खदखदायला लागतो. खाली जाळ नाही, काही नाही, आणि पाणी उकळतंय. पांढरी वाफ गोठ्याच्या पत्र्यापर्यंत गेली. मी जवळ गेलो तर ओरडले, "लांब सर. डोळं जात्याल."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. लांब सरलो.

मुलगी तेव्हा बारावीला होती. वाफेपासून लांब, पायरीवर उभी होती. वडिलांनी तिला विचारलं, "लग्न कवा करायचं मग?"

"आबा, मला अजून लई शिकायचंय."

"शिक की. चुना थांबतो. जितका थांबंल तितका लोण्यावानी हुतो. तुझ्या हळदीला समोरची भित मी सोता रंगवतो."

नंतर ती शिकली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. ठेकेदार गेल्यावर त्या रविवारी ती आजीजवळ शेंगा फोडायला बसली आणि तिला सांगायला लागली की चुना म्हणजे कॅल्शियम. तू रात्री दुधाबरोबर घेतेस ती हाडांची गोळीही कॅल्शियमच. त्याच्या घरात सहा जण आहेत. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम. सगळ्यांचा स्वभाव एक, नुसतं वजन वाढत जातं.

"सगळ्यात थोरलं कोण?"

"रेडियम. पण ते घातक असतंय. गाडीच्या नंबरप्लेटला चमकणारं लावतात ना, त्याला लोक रेडियम म्हणतात, पण ते खरं रेडियम नव्हं."

"आनि धाकटं?"

"बेरिलियम. तेबी विषारी."

"मग कामाचं कोन?"

"मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. मधले."

आईनं माझ्याकडं बघितलं. मला एक थोरली बहीण आहे आणि एक धाकटा भाऊ. "सगळ्या घरात तसंच असतंय मग," ती म्हणाली. मुलगी इतकी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या.

या सहांपैकी चार जणांचा आमच्या घराशी कधी ना कधी संबंध आला आहे. मॅग्नेशियम म्हणजे वडील पोट साफ व्हायला घ्यायचे ते बाटलीतलं पांढरं औषध. स्ट्रॉन्शियम दिवाळीच्या लाल काडीत, असं मुलीनं सांगितलं, आणि हिरव्यात बेरियम. पण बेरियमची माझी ओळख त्याआधीची. वडिलांना घास गिळताना अडकायला लागला तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना उभं करून पेलाभर पांढरं पाणी प्यायला दिलं होतं. ते पाणी एक्स-रेत दिसतं, आणि अन्ननलिका कुठं अरुंद झाली ते कळतं. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी आधी वास घेतला, मग मला म्हणाले, "जलमभर पानाला लावून चुना खाल्ला. आता ह्यो दुसरा चुना डाक्टर पाजतोय." फोटोत ती पांढरी रेघ वरून जाड येत होती आणि एका ठिकाणी दोऱ्याएवढी होत होती. तो फोटो अजून माझ्या कपाटात आहे. त्यात त्यांचा चेहरा नाही, फक्त हनुवटी आणि मणके. तरी फोटो टाकवत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी रजा काढून गावातच राहिलो होतो. आई पाण्याचा तांब्या घेऊन निघाली तेव्हा मी म्हणालो, "आई, सहा वर्षं झाली. आत तो जिवंत आहे का, हे तरी बघू या. नुसता दगड झाला असेल तर लोकांसमोर आपलंच हसं होईल."

तिला माझं बोलणं लागलं, पण ती थांबली. घरात जाऊन वाटीत हळद आणि लांब दांड्याची पळी घेऊन आली. मुलगी आणि बायकोही मागून आल्या. मी फरशी सरकवली. पाण्यावर दुधावर येते तशी पातळ साय धरली होती, पण कडक. आईनं पळीच्या टोकानं ती फोडली. बारीक काच फुटावी तसा आवाज झाला. मग कोपरापर्यंत हात आत घालून पळी खाली नेली आणि खालचा चुना काढला. पांढराशुभ्र, खडा नाही, पळीवरून घसरेना. तिनं तो फरशीवर टाकला, त्यावर चिमटीनं हळद सोडली आणि अनामिकेनं घोळायला लागली.

हळद लाल झाली. आधी कडेनं विटकरी, मग सगळी कुंकवासारखी लाल.

"जिता हाय," आई म्हणाली.

मुलगी काहीतरी सांगायला निघाली होती, अल्कलीत हळदीचा रंग असा बदलतो म्हणून, तेवढ्यात तिचं लक्ष आजीकडं गेलं. आई आपल्या बोटाकडं बघत होती. वडील गेल्यापासून तिच्या बोटाला तो रंग लागलेला मी पाहिला नव्हता. चुन्यानं कातडी जळते. बायकोनं लगबगीनं पाण्याचा गडू आणला, तरी आईनं हात लगेच पुढं केला नाही.

मग बायकोच म्हणाली, "आत्या, चुनाच लावू या. त्या रंगवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा."

मी फोन केला. ठेकेदार रागावला नाही. बयाणा परत मिळणार नाही एवढं बोलला आणि वर एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. "काका, तुमच्या समोरच्या भितीला प्लॅस्टिक रंग हाय. त्याच्यावर चुना बसत न्हाय. चार दिवसांत पापड निघत्याल."

त्याचं खरं होतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आधी पुण्याच्या माझ्या धाकट्या भावानं हौसेनं पैसे पाठवले होते आणि समोरच्या भिंतीला फिकट बदामी प्लॅस्टिक रंग दिला गेला होता. चुन्याला कोरी, तहानलेली भिंत लागते. तो भिंतीत शिरतो, हवेतला वायू घेतो आणि तिथंच परत दगड होऊन धरून बसतो. प्लॅस्टिकच्या कातड्यातून त्याला आत जाताच येत नाही.

आईला सांगितलं. ती परसदारी जाऊन गोठ्याकडं बघून आली. मग म्हणाली, "राहू द्या. मागं गोठ्याला लावा. गोठा तर गोठा."

ती एवढं सहज म्हणाली, की तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. हळद समोर अंगणात लागणार होती. वडिलांनी समोरची भिंत म्हणून सांगितलं होतं. गोठ्याकडं त्या दिवशी कुणीही फिरकणार नव्हतं.

भिंत एकतीस फूट लांब, नऊ फूट उंच. दोनशे एकोणऐंशी, त्यातून दार-खिडक्यांचे अडतीस गेले. राहिले दोनशे एक्केचाळीस चौरस फूट. दोन माणसं, रोज सातशे, तीन दिवस. हळदीला आठ दिवस होते. खरवडणं, मग पाणी मारणं, मग चुन्याचे तीन हात, प्रत्येक हात वाळायला एक दिवस. बसत होतं, पण एक दिवसही वाया जाऊन चालणार नव्हतं.

"खरवडायची," मी म्हणालो.

"बेचाळीसशे रुपये नुसतं काढायला?" बायको म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "खरवडायचं पत्रं दोनच हायत का तिसरा आनू?"

तिसरा पत्रा माझ्यासाठी होता. गावातले दोघं आणि मी, तीन दिवस भिंत खरवडली. गावातल्यांपैकी एकजण वडिलांच्या बागेत कामाला होता. मला शिडीवर बघून तो म्हणाला, "मालक, कचेरीत पेन खरवडून खरवडून हात तयार झालाय तुमचा."

"तुझ्यापेक्षा एक फूट पुढं आहे."

"तुमची बाजू उनाची न्हाय, मनून."

बदामी रंग सालीसारखा निघत होता. त्याच्याखाली वडिलांचे दरवर्षीचे हात होते, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. खपली आडवी धरली की थर दिसायचे. मधे एक निळसर थर होता. त्या वर्षी निळीची पुडी माझ्या हातून अख्खी बादलीत पडली होती, आणि वडील म्हणाले होते, पडू दे, घर आभाळावानी दिसंल. त्या दिवाळीत आमचं घर गल्लीत वेगळं दिसत होतं. त्याच्याखाली एक तांबूस थर, बहिणीच्या लग्नाच्या वर्षीचा. खाली चुना, त्याखाली चुना. तोंडात, नाकात तीच चव. लहानपणी दसऱ्याच्या आधी शाळेतून घरी आलो की गल्लीच्या तोंडाशीच तो ओला वास यायचा. अख्खी गल्ली एकाच आठवड्यात पांढरी व्हायची. आता कुणाच्याच दारी तो वास येत नाही. मला तो किती हवा होता, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आई दर तासाला चहा घेऊन यायची आणि किती झालं ते बघून जायची.

चौथ्या दिवशी रांजण उपसला. चुना पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, त्यात मीठ आणि भिजवलेला डिंक घातला. लावायला बागेतलाच तो माणूस. त्यानं अंबाडीचा कुंचा घरून आणला होता. पहिला हात मारला आणि भिंत काही पांढरी झाली नाही. नुसती ओली, राखाडी. खालचे डाग जसेच्या तसे.

"एवढं करून हेच?" बायको म्हणाली.

मुलगी फोनवर कुणाला तरी फोटो पाठवणार होती, तिनं फोन खाली केला.

"उद्या बघा," आई म्हणाली. "ओला चुना कवा दिसलाय व्हय?"

सकाळी उठलो तर भिंत पांढरी होती. दुसरा हात आडवा, तिसरा परत उभा. प्रत्येक सकाळी ती आदल्या दिवसापेक्षा पांढरी. प्लॅस्टिक रंग लावला त्या दिवशी सगळ्यात उजळ असतो, पुढं फक्त मळत जातो. चुना लावल्यानंतरही उजळत राहतो, जोवर सगळा दगड होत नाही तोवर. हळदीच्या दिवशी सकाळी ऊन भिंतीवर आलं तेव्हा अंगणात डोळे उघडवत नव्हते. भावानं पुण्याहून उतरल्या उतरल्या विचारलं, "माझा रंग कुठं गेला?" आई म्हणाली, "तुझा रंग चांगला हुता. पन ह्यो तुझ्या बापाचा हाय." तो भिंतीपाशी जाऊन तिच्यावर हात ठेवून आला. तळहात पांढरा झाला. दिवसभर त्यानं तो धुतला नाही.

मुलीला हळद लागली. बायकांनी गाणी म्हटली. आई पाटाच्या मागं, भिंतीला अगदी टेकून उभी होती, आणि तिच्या लुगड्याला मागून सगळा चुना लागला होता. कुणीतरी म्हणालं, अहो झटका की, नवं लुगडं. ती म्हणाली, "असू दे."

लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली. पुढचा सोमवार आला तेव्हा मी गावीच होतो, मांडवाचे बांबू परत करायला. सकाळी आई तांब्या भरून परसात गेली. मी खिडकीतून बघत होतो. रांजणाशी पोहोचल्यावर ती थांबली. तळाशी बादलीभर चुना उरला होता. तिनं फरशी सरकवली नाही. तांब्यातलं पाणी शेवग्याच्या बुडाला ओतलं आणि परत आली.

"तुमच्याकडं येते म्हनते," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"बघू."

चार वर्षं हेच ऐकण्यासाठी मी तिच्या मागं लागलो होतो. पण ते ऐकल्यावर परसातल्या त्या फरशीच्या तुकड्याकडं माझी नजर गेली, आणि दर रविवारी दुपारच्या एसटीला तिला बसवून देताना ‘एका रांजणापायी!’ असं मी पुटपुटायचो ते आठवलं. ती आली की रांजणासाठी त्या एसटीनं माघारी जाणारं कुणी असणार नव्हतं.

"चल," मी म्हणालो.

निघायच्या आधी हिशेब मिटवले. ठेकेदाराचे हजार सोडले. भिंत खरवडणाऱ्या दोघांना बेचाळीसशे, ठरल्याप्रमाणं. मीठ, डिंक आणि फडकं मिळून दोनशे ऐंशी. चुना लावणाऱ्याचे तीन हजार ठरले होते. तो पैसे घ्यायला आला तेव्हा त्यानं हजारच उचलले आणि विचारलं, रांजणात राहिलेला चुना द्याल का, आवंदा पोराचं लग्न हाय. मी आईकडं बघितलं. तिनं स्वतः पळीनं सगळा चुना त्याच्या बादलीत काढून दिला, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि त्याला सांगितलं, झाकून ने, वारा लागू देऊ नको.